काळी एक आणि सात शार्प

पाश्चात्त्य संगीताच्या व्याकरणात काही पट्ट्या अशा आहेत, की त्या पुस्तकात हमखास सापडतात आणि मैफलीत क्वचितच भेटतात. सी शार्प मेजर ही त्यांतली अग्रगण्य. पियानो शिकणाऱ्या मुलाला ती बहुधा अगदी शेवटी शिकवतात. स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या आरंभी शार्पच्या सात खुणा दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या, की भल्याभल्या वादकाच्या कपाळाला आठी पडते. सप्तकात स्वर सात आणि शार्पही सात. म्हणजे मूळ जागी राहिलेला असा स्वर एकही नाही. सगळे बिऱ्हाडच उचलून एक पायरी वर नेऊन ठेवलेले. याच्यापुढे आठवा शार्प मांडण्याची रूढ सोय त्या लिपीत नाही. ही तिची शेवटची वेस.

आता हीच पट्टी आपल्याकडे आणून पाहा. सी शार्प म्हणजे पेटीवरची काळी एक. भजनी मंडळात, नाट्यगीतांच्या बैठकीत, गावच्या देवळातल्या कीर्तनात पेटीवाला गायकाला विचारतो, 'पट्टी कुठली?' आणि कितीतरी वेळा उत्तर येते, 'काळी एक.' कित्येक पुरुष गायकांचा षड्ज याच पट्टीवर असतो. त्या षड्जावरून बिलावलाचे सात शुद्ध स्वर वाजवले, की तोच तो पाश्चात्त्यांचा सी शार्प मेजर. बायकांच्या काळी चारची कथा तर याहून मजेची. तिथून शुद्ध सप्तक शार्पांच्या भाषेत लिहू म्हटले तर शार्प आठ लागतात, म्हणजे एका स्वराला दुहेरी शार्प द्यावा लागतो. ही पट्टी पाश्चात्त्य पंडित केवळ तर्कापुरती मानतात, आणि आपल्याकडच्या गायिका ती बिनबोभाट गात आलेल्या आहेत.

एका मुलखात जी पट्टी जिन्नस म्हणून कपाटात ठेवण्याजोगी, ती दुसऱ्या मुलखात रोजच्या वरणभातासारखी कशी? हे कोडे केवळ करमणुकीचे नाही. पट्टीचा आणि भावाचा संबंध काय, सुरांचे जे गुण आपण कानांनी ऐकले असे म्हणतो ते खरोखर कानांनीच ऐकलेले असतात काय, आणि बारा पट्ट्यांतून मोकळेपणी हिंडण्यासाठी संगीताने कोणती किंमत मोजली, हे सारे प्रश्न त्या सात शार्पांच्या आड दडलेले आहेत.

*

प्रथम हे सात शार्प आले कुठून ते पाहू. पेटी समोर असेल तर समजायला सोपे जाईल. पांढरी एकवर षड्ज धरला, की सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. पाश्चात्त्यांनी ए पासून जी पर्यंतची सात अक्षरे वाटली ती या पांढऱ्यांनाच. काळ्यांच्या वाट्याला स्वतःचे नाव आले नाही. त्यांना शेजारणीच्या नावाने हाक मारायची. सी आणि डी यांच्यामधली काळी पट्टी सीच्या बाजूने पाहिली तर सी शार्प, डीच्या बाजूने पाहिली तर डी फ्लॅट. बाई एकच, माहेरी एका नावाने ओळखतात, सासरी दुसऱ्या.

त्यात आणखी एक दंडक आहे. सप्तकाच्या सात स्वरांना सातही अक्षरे एकेकदा आलीच पाहिजेत. एक अक्षर दोनदा वापरायचे नाही आणि एकही गाळायचे नाही. काळी एकला सी शार्प म्हणून षड्ज मानला, की गंधार पडतो तो एफ या पांढऱ्या पट्टीवर. पण दंडकाप्रमाणे त्याला एफ म्हणता येत नाही, ई शार्प म्हणावे लागते. निषाद पडतो तो सरळ सीवर. त्याला म्हणायचे बी शार्प. असे करता करता सात शार्प भरतात. त्याच काळी एकला डी फ्लॅट म्हटले तर पाच फ्लॅटांत काम भागते. पट्ट्या त्याच, बोटे तीच, आवाज तोच. लिहिण्याचा खर्च मात्र एका वाटेने सात आणि दुसऱ्या वाटेने पाच. साहजिकच व्यवहारी रचनाकार पाचाचा सौदा पत्करतात. शोपाँचे अंगाईगीत, देब्यूसीची चांदण्यावरची ती सुप्रसिद्ध रचना या दोन्ही काळी एकच्याच. पण दोन्ही डी फ्लॅटमध्ये लिहिलेल्या.

बेथोव्हेनसारख्या हट्टी माणसानेही इथे हट्ट केला नाही. 'मूनलाइट' या नावाने सर्वतोमुखी झालेला त्याचा १८०१ सालचा सोनाटा सी शार्प मायनरमध्ये सुरू होतो. दुसऱ्या भागात षड्ज तोच ठेवून मायनरचे मेजर होते. व्याकरणाने तो भाग सी शार्प मेजर असायला हवा. बेथोव्हेनने तो डी फ्लॅट मेजर लिहिला. ऐकणाऱ्याला वाटते, आपण त्याच खोलीत आहोत आणि कुणीतरी खिडकी उघडली. कागदावर पाहणाऱ्याला दिसते, की चार शार्पांच्या घरातून आपण थेट पाच फ्लॅटांच्या घरात आलो. कान आणि कागद यांची अशी फारकत झाली म्हणजे समीक्षकाने कानाच्या बाजूने उभे राहावे, हे उघड आहे. तरीपण कागदाची बाजू इतक्यात निकालात काढण्याजोगी नाही.

*

कारण याच पट्टीत सात शार्प निमूटपणे लिहिणारी माणसेही होऊन गेली, आणि त्यांत पहिले नाव बाखचे आहे.

योहान सेबास्टियन बाखने १७२२ साली 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' या ग्रंथाचा पहिला भाग पुरा केला. बारा स्वरांपैकी प्रत्येकावरून एक मेजर आणि एक मायनर अशा चोवीस पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीत एक प्रील्यूड व एक फ्यूग. पुढे सुमारे वीस वर्षांनी त्याने असाच दुसरा भागही सिद्ध केला. दोन्ही भागांत तिसरी जोडी सी शार्प मेजरची आहे. डी फ्लॅटची सोपी वाट त्याने घेतली नाही. मागोमाग येणारी जोडी सी शार्प मायनरची आहे, तेव्हा एका षड्जाच्या मेजर-मायनर बहिणींना एकच आडनाव राहिले.

पहिल्या भागातला हा प्रील्यूड ऐकताना सात शार्पांचे ओझे कुठेही जाणवत नाही. दोन हातांत दोनच ओळी. एक धावते, दुसरी तिला ठेका देते, आणि मग दोघी जागा बदलतात. दिवाळीच्या सकाळी घरातली पोरे अंगणातून माजघरात आणि माजघरातून अंगणात पळत असावीत तसा तो खेळ आहे. लिपीतली सर्वांत अवघड पट्टी निवडावी आणि तिच्यात सर्वांत हलकीफुलकी रचना करावी, यात बाखचा मिस्कीलपणा आहेच. पण त्याहून मोठा दावा आहे. कुठलाही षड्ज घ्या, संगीताला तिथे घर करता येते, हे त्याला सिद्ध करायचे होते. ते सिद्ध करायला सोपी पट्टी कामाची नव्हती. वेशीपर्यंत जाऊन आल्याशिवाय गाव आपले झाले असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या भागातल्या सी शार्प मेजरच्या जोडीची हकीकत तर फारच बोलकी आहे. या प्रील्यूडचे आणि फ्यूगचे आधीचे रूप उपलब्ध आहे, आणि ते आहे साध्या सी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये! बाखने जुनी रचना घेतली, वाढवली, सुधारली आणि सी शार्पवर नेऊन बसवली. सी वरून सी शार्पवर जाताना स्वर पाच रेघांवरच्या आपल्या जागेवरून हलतच नाहीत. सीच्या जागी सी शार्प, डीच्या जागी डी शार्प. ओळीच्या आरंभी सात शार्प मांडायचे आणि मध्ये येणाऱ्या विकृत स्वरांच्या खुणा तेवढ्या सुधारायच्या, की लेखनाचे काम बव्हंशी झाले. ज्या सात शार्पांना आपण भितो, तेच इथे सर्वांत सोपे ठरतात. डी फ्लॅटमध्ये उतरवायचे असते तर प्रत्येक स्वर नव्याने लिहावा लागला असता.

या हकीकतीने एक भोळी समजूत मात्र पार निकालात निघते. पट्टीला तिचा स्वतःचा असा भाव असतो, ही ती समजूत. जर्मन कवी आणि संगीतज्ञ शूबार्ट याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पट्ट्यांना एकेक भाव वाटून देणारी यादी केली. त्याच्या मृत्यूनंतर १८०६ साली ती ग्रंथातून प्रसिद्ध झाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक तिचा आधार घेत आले. पण जी रचना पांढरी एकमध्ये जन्मली आणि काळी एकमध्ये वाढली, तिचा भाव कुठल्या पट्टीचा म्हणायचा? शिवाय जुन्या पद्धतीने बाख वाजवणारे आजचे वादक आपली वाद्ये साधारणतः अर्धा स्वर खाली लावतात; आजचा प्रमाण ए सेकंदाला ४४० कंपनांचा, त्यांचा ४१५ च्या आसपासचा. म्हणजे त्यांच्या वाद्यावरचा सी शार्प मेजर आपल्या पेटीवर शोधू गेलो तर सापडेल जवळजवळ पांढरी एकवर! भाव जर पट्टीच्या उंचीत असता, तर एकच प्रील्यूड दोन दिवाणखान्यांत दोन रसांचा झाला असता. तसे काही होत नाही. जे होते ते चालीमुळे, लयीमुळे, स्वरांच्या आपसातल्या नात्यांमुळे होते.

*

मग काय, सात शार्प म्हणजे केवळ लिहिणाऱ्याची हौस? कधी कधी तसेही असते. लिस्टची सहावी हंगेरियन ऱ्हॅप्सडी घ्या. तिचा आरंभ डी फ्लॅट मेजरमध्ये, पाच फ्लॅटांत. पुढचा द्रुत भाग सी शार्प मेजरमध्ये, सात शार्पांत. म्हणजे पट्टी तीच, वेष तेवढा बदललेला. वादकाच्या डोळ्यांपुढे नवे पान उघडले, चाल बदलली, अंगात नवा संचार झाला, एवढा परिणाम वादकावर होत असेलही; समोर बसलेल्या रसिकाला या पालटाचा पत्ता लागण्याचे कारण नाही. नाटकात पडद्यामागे नटाने अंगरखा बदलावा आणि पुन्हा पडद्यामागूनच बोलावे, तशातला हा प्रकार वाटतो. ऱ्हॅप्सडी बहारीची आहे याबद्दल वाद नाही. पण तिची बहार सात शार्पांची ऋणी नाही.

राव्हेलच्या 'ओंदीन'मध्ये मात्र या सात शार्पांना काम आहे. १९०८ साली त्याने 'गास्पार द ला न्वी' ही तीन रचनांची मालिका केली. तिच्यातली ही पहिली, जलपरीवरची. आरंभी उजवा हात वरच्या सप्तकात अगदी हलक्या बोटांनी षड्ज, गंधार आणि पंचम यांचा झुळझुळ प्रवाह सोडतो आणि त्यात एक परका स्वर पुन्हा पुन्हा चमकतो. आपल्या भाषेत तो कोमल धैवत. शुद्ध स्वरांच्या स्वच्छ पाण्यात कोमल धैवताची ती एक गार रेघ हलत राहते आणि त्या पाण्यात कुणीतरी आहे अशी शंका येते. साऱ्या रचनेची जादू या एका स्वरात साठलेली आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता हा कोमल धैवत लिहायचा कसा? सी शार्प मेजरमध्ये शुद्ध धैवत ए शार्प. तो कोमल केला की झाला साधा ए. शार्पांच्या गर्दीत एक निखळ स्वर. डी फ्लॅट मेजरमध्ये शुद्ध धैवत बी फ्लॅट; तो कोमल करायचा तर बी दुहेरी फ्लॅट लिहावा लागतो, आणि तोही पानभर, पुन्हा पुन्हा. वाचणाऱ्याची तारांबळ उडाली असती. राव्हेलने सुरुवातीचा खर्च सातचा पत्करला, तो पुढची उधळपट्टी वाचावी म्हणून. इथे लिपी आणि रचना यांचे लग्न जमलेले आहे. दुर्मिळ पट्टीचा वापर सार्थ केव्हा म्हणावा, याची कसोटी मला इथे सापडते: ती पट्टी काढून सोपी घातली, तर काही अडते काय? लिस्टच्या बाबतीत अडत नाही. बाखच्या बाबतीत त्याचा दावाच लंगडा पडतो. राव्हेलच्या बाबतीत पान वाचणे जड जाते.

हीच कसोटी वाद्यांनाही लावून पाहावी. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए आणि ई. सी शार्प मेजरमध्ये या चौघींपैकी एकीलाही जागा नाही. मोकळ्या तारेचा खणखणीत नाद नाही आणि शेजारची तार आपोआप झंकारण्याचा संभवही कमी. त्यामुळे तंतुवाद्यांचा मोठा ताफा या पट्टीत काहीसा झाकलेला वाटतो. हार्पची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या सात पायपट्ट्या सर्वांत वर असताना तिच्या तारा सी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे सात फ्लॅटांत, लावलेल्या असतात. हीसुद्धा एरवी एक दुर्मिळ पट्टी, पण हार्पला तीच जन्मजात. तिथे तार पूर्ण लांबीने मोकळी झंकारते. सी शार्प मेजरसाठी सातही पायपट्ट्या तळाशी दाबाव्या लागतात, आणि प्रत्येक तार आखूड होते. तेव्हा जाणता रचनाकार हार्पला डी फ्लॅटच लिहून देतो.

पियानोवर मात्र हिशेब उलटतो. शोपाँ आपल्या शिष्यांना सी मेजरपासून सुरुवात करू देत नसे. तो बी मेजरचे सप्तक पुढे ठेवी. कारण लांब मधली बोटे वर उचललेल्या काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा खालच्या पांढऱ्यावर, ही हाताची नैसर्गिक ठेवण. वाचायला सोपे असलेले सी मेजर हाताला सर्वांत अवघड, असे त्याचे मत होते. काळी एकच्या बिलावलातही पाच स्वर काळ्यांवर येतात आणि गंधार व निषाद तेवढे पांढऱ्यांवर उतरतात. अंगठ्यासाठी दोन पायऱ्या मुद्दाम करून ठेवाव्यात तसे. डोळ्यांना काटेरी दिसणारी ही पट्टी बोटांना मऊ आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनस्टाइन या पियानोवादकासाठी कॉर्नगोल्डने १९२३ साली एका डाव्या हाताने वाजवायचा कॉन्चेर्टो रचला, तोही सी शार्पमध्येच.

*

आता आपल्या घरी परतू. आपल्याकडे काळी एक दुर्मिळ का नाही, याचे उत्तर एव्हाना वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. भातखंड्यांची स्वरलिपी उघडा किंवा पलुस्करांची उघडा. तिथे सा लिहिलेला असतो, तो कुठल्या पट्टीवरचा हे लिहिलेले नसते. लिहिण्याचे कारणच नाही. गायकाचा गळा जिथे सुखाने षड्ज धरील तिथे सा. एकदा तंबोरा लागला, की सारी मैफल त्या एका षड्जाभोवती फिरते. पाश्चात्त्य रचना प्रवासिनी. एका षड्जावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी मजल दरमजल करणारी. तिला प्रत्येक मुक्कामाचे नाव टिपून ठेवावे लागते, आणि जितका मुक्काम दूर तितके शार्प-फ्लॅट अधिक. आपला राग घरात बसून घर न्याहाळतो. त्याला पत्त्याची जरूर लागत नाही. थोडक्यात, सी शार्प मेजरची दुर्मिळता सुरात कुठेही नाही. ती पत्ता लिहिण्याच्या पद्धतीतून जन्मलेली आहे.

याचा एक सुरेख पडताळा कुणालाही घरच्या पेटीवर घेता येईल. सुट्टीत मुलांना जवळ बसवून करावा असा हा खेळ आहे. पांढऱ्यांना हात न लावता केवळ पाच काळ्या पट्ट्या वाजवायच्या. काळी तीनला सा धरला तर भूपाचे स्वर मिळतात. काळी एकला सा धरा, त्याच पाच पट्ट्या दुर्गा होतात. काळी पाचला सा धरला की मालकंस. काळी दोनला धानी. काळी चारला मध्यमाद सारंगाचे स्वर. पट्ट्या पाचच, षड्ज कुणाला म्हणायचे एवढ्यावर सारे जग पालटते. शोपाँने १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या एका सुप्रसिद्ध एत्यूदमध्ये उजव्या हाताला एक अपवाद वगळता काळ्या पट्ट्याच वाजवायला लावल्या आहेत. पट्टी जी फ्लॅट मेजर, म्हणजे आपली काळी तीन. स्वर भूपाचेच आले. पण भूप काही झाला नाही. डावा हात खालून निरनिराळ्या स्वरसंघांचे आधार देत राहतो आणि उजवा हात पाण्याच्या तुषारांसारखा वर उडतो. स्वर एक असून संगीत वेगळे, याचा याहून स्वच्छ दाखला शोधावा लागेल.

पत्त्याच्या कटकटीतून सुटण्याची आणखी एक युक्ती माणसाने शोधली, ती यंत्राची. अमेरिकेतला लोकप्रिय गीतकार आणि संगीतकार आयर्विंग बर्लिन याला पियानोवर जवळजवळ एकच पट्टी येत असे, एफ शार्प, म्हणजे काळी तीन. कारण काळ्यांवर त्याचा हात बसलेला. त्याने खटका ओढून पट्टी बदलणारा पियानो बनवून घेतला. बोटे काळी तीनमध्येच फिरवायची आणि सूर हवा त्या पट्टीतला काढायचा. आपल्याकडची स्केल-चेंजर पेटी याच जातीची, आणि आजच्या विजेवरच्या कीबोर्डावर तर हे काम एका बटणावर आले आहे. अनेक जुने पेटीवादक या बटणाकडे नाक मुरडून पाहतात. मला त्यात पाप दिसत नाही. गायकाचा गळा ऐनवेळी अर्धा स्वर उतरला, तर संगतकाराने बटण दाबून गाणे वाचवावे. गाणे वाचणे महत्त्वाचे. मात्र ज्याने काळी एकमध्ये बिलावल कधी हाताने वाजवलाच नाही, त्याच्या बोटांना गंधाराची आणि निषादाची जागा वेगळी म्हणून कधी कळतच नाही. शिकण्याच्या वयात हे बटण झाकून ठेवावे.

*

राहता राहिली किंमत. कुठल्याही पट्टीवर षड्ज धरून सारखेच सप्तक मिळावे, ही सोय फुकट आलेली नाही. शुद्ध पंचमामागून शुद्ध पंचम लावत बारा पावले गेलो, तर आपण जिथून निघालो त्या षड्जावर नेमके पोहोचत नाही. थोडे पुढे जातो. या जास्तीच्या तुकड्याची वासलात लावण्यासाठी बारा स्वर थोडेथोडे मुरडून सारख्या अंतरावर बसवले गेले. आजचा पियानो आणि बाजारातली बहुतेक पेटी अशी मुरडलेली असते. बाखने आपले वाद्य नेमके कसे लावले होते यावर विद्वानांचे एकमत नाही. पण बाराही स्वरांवर नांदता येईल इतपत त्याने ते मुरडले होते, हे नक्की. सी शार्प मेजर नावाचे घर उभे राहिले ते या तडजोडीच्या पायावर.

तडजोडीत सर्वांत उघड दुखावतो तो गंधार. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, त्याच्यापेक्षा पेटीचा गंधार चढा आहे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांतले सुमारे चौदा भाग. हे चौदा भाग जाणत्या कानाला खुपतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेल्या क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुतींची पेटी घडवण्याची खटपट केली. पुढे १९४० साली रेडिओने पेटीला दार बंद केले आणि ती बंदी तीन दशके टिकली. या साऱ्यांच्या तक्रारीत तथ्य होते. परंतु तक्रारीची दुसरी बाजूही पाहायला हवी. पांढरी एकला षड्ज धरून बारा स्वर अगदी शुद्ध लावलेली पेटी घ्या आणि तिच्यावर काळी एकला षड्ज धरा. पांढरी एकवर जे शुद्ध, ते इथे बेसूर होईल. एका षड्जाला पुरता न्याय दिला, की दुसऱ्या षड्जावर अन्याय ठरलेला. एकाच पेटीवर सकाळी काळी एकचे बुवा गातात आणि संध्याकाळी काळी चारच्या बाई गातात. दोघांनाही सांभाळून घ्यायचे तर पेटीला थोडे खोटे बोलावेच लागते.

म्हणून मला वाटते, सात शार्पांचे सी शार्प मेजर आणि आपली काळी एक ही दोन टोके नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. पाश्चात्त्यांनी गंधार किंचित गमावून प्रवास कमावला. आपण पेटी आणली आणि प्रवास न करताच तोच गंधार गमावला. पण आपल्याजवळ तंबोरा राहिला. जातिवंत गायक पेटीच्या साथीत गातानाही गंधाराला तंबोऱ्याची साक्ष काढतो, आणि समजूतदार पेटीवादक त्या क्षणी पट्टीवरून बोट अलगद उचलतो. काळी एकच्या गाण्यात तो गंधार एका पांढऱ्या पट्टीवर येतो. पाश्चात्त्य पंडित तिला ई शार्प म्हणोत की एफ म्हणोत. पेटीवादकाने ती कधी दाबावी आणि कधी सोडावी, हे कुठल्याच लिपीत लिहिलेले नाही.